नवऱ्याचं टाचण

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी आम्ही मास्तरणी टाचण काढायला बसायचो. पुढच्या आठवड्यात कोणत्या वर्गाला कोणता पाठ, त्यातून काय साधायचं, साहित्य काय लागेल, आणि मागच्या आठवड्यातलं काय राहिलं, हे सगळं एका वहीत लिहायचं. सोमवारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची. घाटंजीच्या शाळेत मी मराठी शिकवलं आणि नोकरीभर एक शनिवार चुकवला नाही. बाकीच्या बाया एकमेकींचं उतरवून मोकळ्या व्हायच्या, मला त्याचा भारी राग यायचा. निवृत्त झाले त्या दिवशी वह्यांचा गठ्ठा रद्दीत टाकला आणि म्हटलं, सुटले बाई.

कशाची सुटले. दोन वर्षांनी नवऱ्याचं टाचण काढायला बसले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी हे न्हाणीतून बाहेर आले ते भिंत धरून. मी चहा गाळत होते. म्हटलं, घसरला का? यांनी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलंच नाही. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. यवतमाळला नेलं, बारा दिवस दवाखान्यात काढले. पाय हळूहळू परतला. दसऱ्यापर्यंत हे काठी घेऊन फाटकापर्यंत जायला लागले. बोलणं मात्र जिथे गेलं तिथेच राहिलं.

आणि माणूस कसा, तर बोलका. शेत गावापासून सात किलोमीटर, पण मोटारसायकलवर घरी यायला यांना दोन तास लागत. रस्त्यात जो दिसेल त्याच्याशी गोष्टी. कापूस कसा आहे, तुरीला अळी आहे का, लेकीचं जमलं का. मी रागवायची, जेवण तिसऱ्यांदा गरम करते म्हणून. आता घरात इतकं शांत झालं की फ्रिज बंद-चालू झाला तरी मी दचकायची.

डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, शब्द फक्त बाहेर येत नाहीत. स्पीच थेरपीच्या बाई यवतमाळला महिन्यातून एकदा भेटायच्या. त्यांनी चाळीस चित्रांची कार्डं दिली, रोजच्या वस्तूंची, खाली रिकामी जागा ठेवलेली. म्हणाल्या, तुमच्या घरात जो शब्द वापरता तो खाली लिहा, रोज दाखवा, वाट पाहा, आणि हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात असं रुतलं की बाकीचं मी ऐकल्यासारखंच केलं. बसमध्ये परत येताना मी महिने मोजत होते. यांचा हात माझ्या मांडीवर पडलेला आणि माझं लक्ष त्या हाताकडे नाही, पंचांगाकडे.

चित्रांखाली मी शब्द लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे, फळ्यावर सुविचार मीच लिहायची. कोथिंबीर. पेरू. बटाटा. पातेलं. विळी. असे चाळीस.

पुण्याच्या लेकीनं ते आठवड्याचं डोक्यात घातलं. तिच्या ऑफिसात दर शुक्रवारी बसतात म्हणे, काय झालं, काय नाही झालं, पुढच्या आठवड्यात काय करायचं. म्हणाली, आई, तू दिवसभर नुसती धावतेस आणि रात्री रडतेस, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा शांत बसून लिही. मी फोनवर तिला झापलं. म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे करते, मला नको शिकवू. आणि त्याच शनिवारी दुपारी यांना झोपवून मी नवी वही काढली, रेघा आखल्या. शब्द, दिलेला प्रतिसाद, शेरा. खाली, पुढील आठवड्याचे नियोजन. लिहिता लिहिता इतकं बरं वाटलं की काय सांगू. कित्येक दिवसांनी हाताला काहीतरी धरायला मिळालं होतं.

पहिले दोन शनिवार प्रतिसादाचा रकाना कोरा. तिसऱ्या आठवड्यात मी कोथिंबिरीचं चित्र धरलं आणि यांचे ओठ हलले. घशातून आवाज आला, तोंड वाकडं झालं, लाळ गळली, आणि मग स्पष्ट ऐकू आलं, "आंबा."

मी तर उडालेच. लगेच लेकीला फोन लावला. ती तिकडे रडायला लागली, बाबांना आंबा खायचा आहे. दिवाळी झालेली, आंबा कुठला मिळणार घाटंजीत. तिनं पुण्याहून आमरसाचे डबे पाठवले. मी वाटीत रस घेऊन यांच्या तोंडाशी चमचा धरला. यांनी मान फिरवली. दुसऱ्यांदा धरला तर डाव्या हातानं चमचा उडवला, माझ्या पातळावर पिवळा डाग पडला. मी म्हटलं, अहो, तुम्हीच मागितला ना? तर पुन्हा, "आंबा. आंबा." डोळे मोठे करून. मला वाटलं, डोकं पण गेलं की काय.

पुढच्या भेटीत थेरपीच्या बाईंना मी सांगितलं, कोथिंबीर दाखवली तर आंबा म्हणतात, पेरू दाखवला तर आम म्हणतात, सगळीकडे आंबाच. त्यांनी विचारलं, घरी आंब्याची खूप आवड आहे का. म्हटलं, असेल इतरांइतकीच. त्या म्हणाल्या, काही वेळा मेंदू एकाच शब्दाला अडकतो, त्या शब्दाला फार महत्त्व देऊ नका, नेमक्या शब्दाकडे वळवा.

झालं. मला काम मिळालं. त्या शनिवारी मी नियोजनात लिहिलं, आंबा बंद. घरातलं आंब्याचं लोणचं वरच्या फळीवर गेलं. कार्डांमधलं आंब्याचं चित्र मी काढून टाकलं. आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ कोथिंबीर. हे म्हणायचे आंबा, मी म्हणायची, नाही, चूक, परत. को-थिं-बीर. ओठ बघा माझे. को. हे म्हणायचे आंबा. चूक. परत.

वर्गात मी अशीच होते, खोटं कशाला बोलू. पोरं घरून 'मले', 'तुले' घेऊन यायची आणि मी ते त्यांच्या तोंडून काढायची. मला पण तसंच काढून टाकलं होतं. माझं माहेर यवतमाळचं, वडील कचेरीत कारकून. आम्ही 'मले' म्हटलं की ते जेवताना ताटावरून उठवायचे. लग्न होऊन मी यांच्या घरी आले तर सासूपासून गड्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं तसंच. मी नाक मुरडलं. लेक झाल्यावर तर मी हट्टच धरला, घरात शुद्ध बोलायचं. यांनी कधी वाद घातला नाही. माझ्यापुढे हे माझ्यासारखं बोलायला लागले, थोडं हसत, थोडं लाजत, आणि मग त्याची सवय झाली. माझ्यासाठी यांची भाषा तीच होती. शेतात, टपरीवर हे कसे बोलतात, ते मी ऐकायला कशाला जाते.

तर शनिवार मागून शनिवार. वहीतलं नियोजन लांब होत गेलं आणि प्रतिसाद तोकडा. बटाट्याला नुसता 'आऊ' असा आवाज. मी शेरा लिहिला, वेदना होते का, डॉक्टरांना विचारणे. विळीला काही नाही. पातेल्याचं चित्र दाखवलं तेव्हा एकदा हे म्हणाले, "गं." थांबले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा म्हणाले, "गं."

मी ते कार्ड खाली ठेवलं. लग्नापासून यांनी मला नावानं हाक मारली नाही, नेहमी 'अगं'. मी यांचा हात धरला आणि म्हटलं, हो, मीच आहे, इथेच आहे. वहीत त्या शनिवारी मी लाल पेनानं लिहिलं, मला हाक मारली. त्याखाली दोन रेघा ओढल्या. तो एक आठवडा मी माणसासारखी वागले. यांना आवडते म्हणून झुणका-भाकर केली, कार्डं दोनच वेळा काढली.

पण ती हाक पुन्हा आली ती पातेल्याच्या वेळीच. मला समजेना. मी जवळ जाऊन म्हणायची, म्हणा ना, अगं. हे तोंडाकडे बघत राहायचे. आणि महिने संपत चालले होते. नववा शनिवार, दहावा शनिवार. रोज पहाटे जाग यायची ती दिवस मोजतच, आज किती राहिले. लेक म्हणायची, आई, थोडं दमानं घे. मी म्हणायची, दम घ्यायला वेळ कुठे आहे. आरशात बघितलं तर केस विंचरायचे राहून गेलेले असायचे, आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं. हा माणूस उरलेलं आयुष्य असाच माझ्यासमोर बसणार, काय दुखतं, काय हवं, मला कधी कळणार नाही, या विचारानं मी पदर तोंडात कोंबून रडायची.

अकराव्या आठवड्यात यांनी तोंड उघडणंच बंद केलं. चित्र धरलं की डोळे मिटायचे. मी विनवण्या केल्या, देवाची शपथ घातली, मग चिडले. त्या शनिवारी मी सगळीच्या सगळी कार्डं यांच्या अंगावर फेकली आणि म्हटलं, "बसा मग मुके. मी तरी कोणासाठी मरू?"

कार्डं यांच्या मांडीवर, पायावर, खाली फरशीवर पडली. यांनी डाव्या हातानं मांडीवरची एकेक गोळा केली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. आत जाऊन पडले आणि कितीतरी वेळ उठले नाही. त्या आठवड्याच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. टाचण चुकलं, पहिल्यांदा.

व्यायामवाल्यानं यांना रोज चालवायला सांगितलं होतं. म्हणून त्यानंतरच्या बाजाराला मी यांना सोबत नेलं. खरं सांगते, प्रेमानं नाही नेलं. घरात त्या तोंडासमोर बसवेना म्हणून नेलं. कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, हे तिच्याकडून वर्षानुवर्षं भाजी आणायचे, मी कधी गेले नव्हते. हे काठी टेकत तिच्या पालासमोर थांबले. तिनं ओळखलं, हात जोडले, यांची तब्येत विचारली. मी म्हटलं, बोलता येत नाही त्यांना.

हे वाकले आणि म्हणाले, "आंबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याशी तोंड उघडत नाहीत आणि चारचौघांत हे. मी घाईघाईनं म्हटलं, मनावर घेऊ नकोस बाई, आजारी आहेत, काहीही बोलतात. तिनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. टोपलीतून कोथिंबिरीची हिरवीगार जुडी काढली, पाणी झटकलं आणि यांच्या डाव्या हातात दिली.

"सांबार मांगून राह्यले ना ते," ती म्हणाली. "तुम्हाले समजत नाही का वो मॅडम?"

सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला का माहीत नव्हतं? माहीत होतं. सासू रोज म्हणायची. वर्गात पोरं म्हणायची आणि मी फळ्यावर कोथिंबीर लिहून द्यायची. हे आता पेरूंकडे बोट दाखवत होते, "आम." ती म्हणाली, जाम का, घ्या ना काकाजी, गोड आहेत, आणि दोन पेरू काढले. मग बटाट्यांचा ढीग. "आऊ." ती म्हणाली, आलू, किती देऊ? यांनी एक बोट वर केलं. एक किलो. सगळा बाजार यांनी केला, तिथे उभ्या उभ्या, मला न विचारता. पुढच्या एका माणसानं यांना रामराम घातला तर यांनी काहीतरी पुटपुटून मान हलवली आणि तो माणूस हसला, म्हणजे त्यालाही समजलं असणार. मी पिशवी धरून उभी होते.

घरी आल्यावर यांना खुर्चीत बसवलं आणि वही घेऊन आत गेले. इतके शनिवार मी ती वही लिहिली होती, पण मागची पानं उलटून कधी वाचली नव्हती. टाचणात मागच्याचा आढावा घ्यायचा असतो, तो कधी घेतलाच नव्हता. नुसतं पुढचं ठरवत गेले. आता पहिल्या पानापासून वाचलं, तोंडानं, सासूच्या बोलण्यात. कोथिंबीर, आंबा, चूक. सांबार. पेरू, आम, चूक. जाम. बटाटा, आऊ, वेदना होते का. आलू. यांना वेदना नव्हती, यांना उत्तर येत होतं.

मग ते लाल अक्षरातलं पान आलं. पातेलं. गं. मी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचवेना. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. यांनी मला हाक मारलीच नव्हती. ते पातेलं होतं. समोरच्या चित्राला यांनी बरोब्बर नाव दिलं होतं आणि मी यांचा हात धरून, डोळे भरून, हो मीच आहे म्हणत होते. हे काय समजले असतील तेव्हा? आपली बायको आपल्याला गंज म्हणायला लावते आणि वर रडते. मी उशीत तोंड खुपसून ओरडले. आवाज बाहेर गेला असेल, जाऊ दे म्हटलं.

मी माझे दिवस वाया घालवले नव्हते, यांचे घालवले होते. यांनी प्रत्येक दिवशी शेवटची ताकद लावून एक शब्द वर ओढला आणि मी त्याला लाल पेनानं फुली मारली. आणि शेवटी यांना कळलं असेल की या बाईपुढे तोंड उघडण्यात अर्थ नाही.

चार दिवस मी सगळं उलटं करून पाहिलं. सगळ्या चित्रांखालचे शब्द पांढऱ्या शाईनं खोडून नवे लिहिले. सांबार, जाम, आलू, गंज. चित्र धरून मी मोठ्या आवाजात म्हणायची, सांबार, बघा, सांबार. हे एकदा बघायचे आणि खिडकीकडे तोंड करायचे. शेत ठोक्यानं, वर्षाच्या ठरल्या पैशावर, ज्याला कसायला दिलं आहे तो माणूस आला. त्याच्याशी यांचे अर्धेमुर्धे शब्द, हातवारे, मध्येच हसणं. मी चहा घेऊन गेले तर गप्प. चहा ठेवून मी दाराआड उभी राहिले, ऐकायला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याचा आवाज चोरून. कप परत न्यायला उशीर केला, पण तो माणूस गेला आणि घर पुन्हा शांत झालं.

शनिवार आला. मी वही काढली नाही. कार्डं पण नाही. भात लावला, यांना जेवू घातलं, तोंड पुसलं, आणि खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले. आज ठरवायचं काही नाही, फक्त विचारायचं आहे, असं मनाशी म्हटलं. पण विचारायला गेले तर माझी ती घासूनपुसून ठेवलेली भाषाच तोंडावर आली. ती भाषा ऐकली की हे खिडकीकडे वळतात, हे मला आता माहीत होतं. म्हणून लहानपणी ज्याच्यासाठी मला ताटावरून उठवलं होतं, ते बोलायचा मी प्रयत्न केला. जीभ वळेना. सासूचं बोलणं आठवून आठवून एकेक शब्द काढला.

"माह्यासंग काहून नाही बोलून राह्यले तुम्ही?"

हे वळले. खिडकीकडून माझ्याकडे. माझा चेहरा इतका वेळ यांनी पोळ्यानंतर पाहिला नसेल. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला मदत करायची होती, पहिलं अक्षर सुचवायचं होतं, तोंडात आलंही होतं. मी दातांनी ओठ धरला.

"भेव," हे म्हणाले.

माझ्या डोक्यात त्या क्षणीसुद्धा भीती हा शब्द उभा राहिला, शुद्धलेखनासकट. मी तो गिळला. उठून जावंसं वाटलं, पण उठले असते तर संपलंच होतं. खुर्चीच्या कडा धरून मी विचारलं, "कोनाचं?"

यांनी उत्तर शोधलं नाही. ते तयार होतं, नुसतं ओठांपर्यंत आणायचं होतं. डावा हात उचलून यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, काही नाही, तो माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तुहं."

दोन शब्द. पोळ्यानंतर हे माझ्याशी बोलले ते पहिले दोन पूर्ण शब्द, एकही अक्षर न खाल्लेले. तो हात गुडघ्यावरून हलला नाही. हे माझ्याकडे बघत थांबले होते. वर्गात उत्तर सांगून झाल्यावर पोरं उभी राहतात ना, आता बाई काय म्हणतात ते बघत, तसे थांबले होते.

मी म्हटलं, "बरोबर."